सेनेका व्हिलेज: कागदांत उरलेली वस्ती

न्यूयॉर्क शहराच्या जमीन-नोंदींत २७ सप्टेंबर १८२५ या तारखेचे दोन व्यवहार आहेत. पहिल्यात जॉन आणि एलिझाबेथ व्हाइटहेड या दांपत्याने आपल्या शेतजमिनीतले तीन प्लॉट १२५ डॉलरला विकले. घेणारे ॲन्ड्रू विल्यम्स पंचवीस वर्षांचे होते आणि बूटपॉलिश करून पोट भरत होते. दुसऱ्या व्यवहारात एपिफनी डेव्हिस यांनी त्याच जमिनीतले १२ प्लॉट ५७८ डॉलरला घेतले. डेव्हिस हे ‘आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन’ या चर्चचे विश्वस्त. त्याच आठवड्यात या चर्चनेही तिथेच सहा प्लॉट घेतले. विल्यम्स आणि डेव्हिस दोघेही कृष्णवर्णीय होते आणि चर्चही कृष्णवर्णीयांचे होते. न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी तेव्हा कायद्याने पुरती संपलेली नव्हती. ती संपायला ४ जुलै १८२७ उजाडावा लागला.

हे प्लॉट ज्या जागी होते तिथे आज सेंट्रल पार्क आहे. ८२व्या ते ८९व्या रस्त्यांच्या दरम्यान, उद्यानाच्या पश्चिम कडेला, सेनेका व्हिलेज नावाची वस्ती १८२५ ते १८५७ अशी बत्तीस वर्षे नांदली. तिची घरे, तीन चर्च, शाळा आणि दफनभूमी सरकारने उद्यानासाठी संपादित केली. त्यानंतर शतकभराहून अधिक काळ शहराच्या सांगण्यातल्या इतिहासात ती जवळजवळ नव्हतीच. उद्यानापूर्वी इथे खडक, दलदल आणि अतिक्रमण करून राहिलेली माणसे होती, असे सांगितले जाई.

या वस्तीचे एकही छायाचित्र उपलब्ध नाही. तिच्या रहिवाशांनी स्वतः लिहिलेले फार थोडे हाती लागते. मागे राहिले ते प्रामुख्याने इतरांनी इतर कामांसाठी केलेले कागद: खरेदीखते, चर्चची नोंदवही, जनगणनेचे तक्ते, भूसंपादनाचा नकाशा, मोबदल्याचे निवाडे आणि वर्तमानपत्रांची कात्रणे. प्रत्येक कागदाला आपला हेतू आहे आणि त्या हेतूने आखलेली मर्यादाही. ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले की वस्ती बऱ्यापैकी उभी राहते आणि तिच्याविषयी पसरलेली गोष्ट कशी रचली गेली, तेही कळते.

जमीन आणि मत

सुरुवात व्हाइटहेड यांच्या व्यवहारांपासून करू. जॉन व्हाइटहेड मालवाहतुकीची गाडी चालवत. त्यांनी ही जमीन १८२४ साली घेतली आणि वर्षभरात तिचे तुकडे विकायला काढले. १८११च्या नगररचनेने मॅनहॅटन बेटावर रस्त्यांची चौकट आखून ठेवली होती, पण एवढ्या उत्तरेला ती बहुतांशी कागदावरच होती. शहराची दाट वस्ती बेटाच्या दक्षिण टोकाला, काही मैल लांब. या आखणीतला सर्वसाधारण प्लॉट २५ फूट रुंद आणि १०० फूट लांब. १८२५ ते १८३२ या काळात व्हाइटहेड कुटुंबाने कृष्णवर्णीयांना किमान २४ तुकडे विकल्याचे नोंदी सांगतात.

एकाच आठवड्यात एक बूटपॉलिशवाला, एक विश्वस्त आणि त्या विश्वस्ताचे चर्च एकाच शेतात जमीन घेतात, ही गोष्ट योगायोगाची वाटत नाही. कोणी ठरवून, आपसात बोलून केलेली ही खरेदी असावी, असा निष्कर्ष काढायला हे व्यवहार पुरेसा आधार देतात. कृष्णवर्णीयांना जमीन विकायला तयार असलेला मालक सापडणे सोपे नव्हते. तो सापडताच मंडळींनी संधी साधली.

जमीन का हवी होती, याचे एक उत्तर दुसऱ्या कागदात आहे: न्यूयॉर्क राज्याच्या १८२१च्या संविधानात. या संविधानाने गोऱ्या पुरुषांसाठी मताधिकार बराच सैल केला आणि १८२६ साली त्यांच्यावरची मालमत्तेची अट पुरती गेली. कृष्णवर्णीय पुरुषांसाठी मात्र २५० डॉलरची स्थावर मालमत्ता आणि राज्यात तीन वर्षांचे वास्तव्य, अशी अट घातली गेली. विल्यम्स यांच्या तीन प्लॉटची १८२५ची किंमत या अटीच्या बरोबर निम्मी होती. डेव्हिस यांचे १२ प्लॉट ती अट ओलांडून दुपटीच्या पुढे जात होते. पुढे जमिनीचे भाव वाढले, घरे बांधली गेली आणि वस्तीतले आणखी काही जण मतदार झाले. १८४५ साली शहरातल्या हजारो कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम शंभर जण मतदानाला पात्र होते. त्यांतले दहा सेनेका व्हिलेजचे होते. एवढ्याशा वस्तीतून शहरातल्या कृष्णवर्णीय मतदारांचा दहावा हिस्सा यावा, यातच तिचे मोल कळते.

ही अट काढण्याचा प्रस्ताव राज्यातल्या मतदारांपुढे १८४६, १८६० आणि १८६९ अशा तीन वेळा गेला आणि तिन्ही वेळा फेटाळला गेला. ती संपली १८७० साली, अमेरिकेच्या संविधानाच्या पंधराव्या दुरुस्तीने. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी जनतेला अर्पण केले ते १८७३ साली, म्हणजे त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी. ज्या राज्याने गुलामगिरी १८२७ साली संपवली, तिथेही मुक्त माणसाला पूर्ण नागरिक व्हायला आणखी त्रेचाळीस वर्षे लागली. त्या मधल्या काळात नागरिकत्वाची वाट जमिनीच्या तुकड्यावरून जात होती.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. जुलै १८३४मध्ये शहराच्या दक्षिण भागात गुलामगिरीविरोधकांवर आणि कृष्णवर्णीयांवर जमावाने अनेक दिवस हल्ले केले. त्यांची चर्च आणि घरे फोडली. अशा वेळी काही मैल उत्तरेला, स्वतःच्या नावावरच्या जमिनीवर, आपल्या माणसांच्या शेजारात राहणे ही मोठी गोष्ट होती. वस्तीजवळ समिट रॉक हा उंच खडक होता आणि त्याच्या पायथ्याशी झरा. घरामागे भाजीपाला लावायला आणि जनावर बांधायला जागा होती.

सगळे स्वखुशीने आले असेही नाही. जवळच यॉर्क हिल नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. क्रोटन नदीचे पाणी शहराला पुरवण्यासाठी १८३८ ते १८४२ या काळात तिथे साठवण तलाव बांधला गेला आणि ती वस्ती उठली. तिथली काही कुटुंबे सेनेका व्हिलेजमध्ये आली. पंधरा-वीस वर्षांनी ती दुसऱ्यांदा उठणार होती. महाराष्ट्रातल्या धरणग्रस्तांना हा अनुभव वेगळा समजावून सांगायला नको.

चर्चची दप्तरे

वस्तीत कालांतराने झायनसह तीन चर्च झाली. त्यांपैकी आफ्रिकन युनियन चर्चच्या तळघरात सरकारी ‘कलर्ड स्कूल नंबर ३’ भरत असे. तिथे शिकवणारी कॅथरीन थॉम्पसन अवघ्या सतरा वर्षांची होती.

तिसरे चर्च ऑल एंजल्स. ते १८४६ साली सेंट मायकल्स या एपिस्कोपल चर्चच्या आधाराने सुरू झाले आणि १८४९ साली त्याची लाकडी इमारत उभी राहिली. वस्तीच्या इतिहासाला सर्वांत मोठा आधार त्याच्या नोंदवहीचा. बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू तिच्यात नोंदलेले आहेत आणि या नोंदींत कृष्णवर्णीय, आयरिश आणि जर्मन नावे एकत्र येतात. १८४०च्या दशकातल्या दुष्काळाने देशोधडीला लागलेली आयरिश कुटुंबे वस्तीत राहायला आली होती. न्यूयॉर्कच्या इतर भागांत हे दोन समाज रोजगारावरून एकमेकांसमोर उभे ठाकत होते. इथे ते एका छपराखाली प्रार्थना करत होते आणि त्यांचे मृत एकाच दफनभूमीत जात होते. सगळे सलोख्याने राहत होते असा दाखला ही वही देत नाही, पण एकत्र जगण्याची रीत पडली होती, एवढे तिच्यातून नक्की दिसते.

झायन चर्चचा एक प्रसंग मात्र तारखेमुळे मनात रुततो. ४ ऑगस्ट १८५३ रोजी बिशप क्रिस्टोफर रश यांच्या हस्ते वस्तीतल्या नव्या इमारतीची कोनशिला बसवली गेली. कोनशिलेत एक पेटी ठेवली होती. तिच्यात बायबल, प्रार्थनागीतांचे पुस्तक, चर्चची नियमावली, पाच विश्वस्तांची नावे लिहिलेले पत्र आणि ‘ट्रिब्यून’ व ‘सन’ या दैनिकांचे अंक होते. आपण इथे पिढ्यान्पिढ्या राहणार, कधीतरी कोणी ही पेटी उघडील आणि आपल्याविषयी वाचील, या भरवशाने केलेली ही मांडणी होती. त्याच्या बरोबर चौदा दिवस आधी, २१ जुलै १८५३ रोजी, न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने सेंट्रल पार्कसाठी जमीन घेण्याचा कायदा मंजूर केला होता.

मोजणी

पुढचे कागद सरकारचे आहेत. १८५५ साली न्यूयॉर्क राज्याची जनगणना झाली. तिच्या तक्त्यात घर कशाचे बांधलेले, त्याची किंमत किती, माणसाचा जन्म कुठला, व्यवसाय काय, शहरात किती वर्षे वास्तव्य, असे रकाने होते. जमीनमालकांसाठी वेगळा रकाना होता आणि कर न भरणाऱ्या कृष्णवर्णीयांसाठीही एक वेगळा रकाना होता. राज्याच्या नजरेत कृष्णवर्णीय माणूस करदाता आहे की नाही, ही स्वतंत्र नोंद घेण्याजोगी बाब होती.

या जनगणनेच्या आधारे वस्तीची लोकसंख्या सुमारे सव्वादोनशे ठरते. त्यांत दोन तृतीयांश कृष्णवर्णीय, उरलेले बहुतांशी आयरिश आणि थोडे जर्मन. घरे पन्नासच्या आसपास. कृष्णवर्णीय रहिवाशांपैकी जवळजवळ निम्मे स्वतःच्या घरात राहत होते. त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये, आणि त्यातही कृष्णवर्णीयांमध्ये, हे प्रमाण दुर्मीळच.

प्रत्येक मालक तिथे राहत होता असे नाही. गुलामगिरीविरोधी चळवळीतले आल्ब्रो आणि मेरी जोसेफ लायन्स हे दांपत्य शहराच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय खलाशांसाठी खानावळ-वसतिगृह चालवत असे. सेनेका व्हिलेजमध्ये त्यांची जमीन होती. म्हणजे ही वस्ती तिथल्या रहिवाशांपुरती नव्हती. शहरभरच्या कृष्णवर्णीय समाजाने आपली बचत तिथे गुंतवली होती.

मग आला भूसंपादनाचा नकाशा. मोजणीदार गार्डनर सेज यांनी तयार केलेल्या या नकाशात प्लॉटच्या हद्दी, मालकांची नावे, घरांचे आकार, मजले, गोठे आणि चर्च दाखवलेली आहेत. एखादे घर दुमजली लाकडी, एखादी नुसती झोपडी, असे शेरेही आहेत. वस्तीचे सर्वांत तपशीलवार चित्र आपल्याला मिळते ते ती पाडण्यासाठी काढलेल्या नकाशातून. जमीन घेणाऱ्यांना कोणाला किती पैसे द्यायचे हे कळायला हवे होते, म्हणून त्यांनी काळजीपूर्वक मोजले.

निवाडे

उद्यानाची मागणी शहरातल्या श्रीमंत व्यापाऱ्यांनी आणि संपादकांनी लावून धरली होती. लंडन-पॅरिससारखे भव्य उद्यान आपल्याकडे हवे, असे त्यांचे म्हणणे. बेटाच्या मध्यावरची ही जमीन खडकाळ होती, पाण्याचा तलाव तिथे आधीच होता आणि आजूबाजूच्या जमिनींचे भाव उद्यानामुळे चढणार होते. एकट्या सेनेका व्हिलेजला हटवण्यासाठी जागा निवडली गेली असे म्हणण्याइतका पुरावा नाही. उद्यानासाठी एकंदर सुमारे १,६०० माणसे उठवली गेली. त्यांत आयरिश डुक्करपालक आणि जर्मन बागायतदारही होते. पण या सगळ्यांत जमिनीची मालकी, मताधिकार, शाळा आणि चर्च एवढे सगळे एकत्र उभारलेली वस्ती ही होती, आणि तिचे वेगळेपण निर्णय घेणाऱ्यांच्या हिशेबात कुठेच आले नाही.

मूल्यांकनासाठी नेमलेल्या आयुक्तांनी उद्यानाच्या हद्दीतल्या साडेसात हजारांहून अधिक प्लॉटची किंमत ठरवली. एकूण मोबदला सुमारे ५० लाख डॉलर झाला आणि फेब्रुवारी १८५६मध्ये न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

या निवाड्यांत ॲन्ड्रू विल्यम्स पुन्हा भेटतात. आता ते पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ आहेत. तीन प्लॉट आणि घर मिळून त्यांनी ३,५०० डॉलर मागितले; हाती आले २,३३५. तीस वर्षांपूर्वीच्या १२५ डॉलरशी ताडून पाहिले तर ही रक्कम मोठीच आहे आणि काही अभ्यासकांनी ते नोंदवलेही आहे. परंतु तुलना नीट करायला हवी. १८२५ साली तिथे माळरान होते. १८५६ साली तिथे घर होते, बाजूला रस्त्यांची चौकट सरकत उत्तरेला येत होती आणि जमीन घेतली नसती तर हे तीन प्लॉट अमेरिकेतल्या सर्वांत महाग जमिनींत गेले असते. भाव चढण्याचा फायदा उद्यानाच्या हद्दीबाहेरच्या मालकांना झाला. हद्दीच्या आतल्यांना तो नाकारण्यात आला, तोही ते ठरवून तिथे आधी पोहोचले असताना.

निवाड्यात आणखी एक मोठी जागा रिकामी आहे. मोबदला मालकाला होता, भाडेकरूला नव्हता. वस्तीतले किमान निम्मे लोक मालक नव्हते. त्यांच्यासाठी या कागदांत एक ओळही नाही. १८५६नंतर राहिलेल्यांना आपल्याच घरांत शहराचे भाडेकरू म्हणून राहता आले, तेही थोडाच काळ. १८५७ संपण्यापूर्वी सगळ्यांना जावे लागले. ऑल एंजल्स चर्च काही चौक पश्चिमेला हलले आणि टिकले. मंडळी मात्र पांगली. वस्ती एकत्र दुसरीकडे गेली असे कोणताही कागद दाखवत नाही.

अतिक्रमणाची गोष्ट

संपादन सुरू असताना दुसरीकडे शब्दांचे काम चालू होते. उद्यानाच्या पुरस्कर्त्यांनी आणि अनेक वर्तमानपत्रांनी तिथल्या माणसांना घुसखोर म्हटले, घरांना सरसकट झोपड्या म्हटले. जुलै १८५६मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने वस्तीचा उल्लेखच वंशवाचक शिवी जोडून केला. विशेष म्हणजे तोच मजकूर कृष्णवर्णीयांची घरे आणि राहणी नीटनेटकी असल्याचे मान्य करतो, पण शेजारच्या आयरिशांना हिणवण्यासाठी. विरोधी हेतूने लिहिलेल्या मजकुरातून निसटलेली ही कबुली इतिहासकाराच्या कामाची आहे.

घुसखोरीच्या आरोपाला उत्तर त्याच शहराच्या दप्तरात होते. एका खात्यात खरेदीखते, दुसऱ्यात कराची यादी, तिसऱ्यात मालकांच्या नावांनिशी काढलेला नकाशा. ज्यांना अतिक्रमण करणारे म्हटले त्यांनाच शहर नावानिशी मोबदला देत होते. तरी पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचली ती वर्तमानपत्रांची गोष्ट, कारण ती छापली गेली, पुन्हा पुन्हा छापली गेली आणि उद्यानाच्या इतिहासात शिरली. खरेदीखते कपाटात राहिली.

१८७१ साली उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळ झाडे उपटताना कामगारांना दोन शवपेट्या सापडल्या. एकीवर सोळा वर्षांच्या आयरिश मुलीचे नाव होते. वस्ती उठून जेमतेम चौदा वर्षे झाली होती. तिथे दफनभूमी होती हे आठवणारी माणसे शहरात असणारच. त्यांना कोणी विचारले नाही.

कागदांवरून जमिनीकडे

ही विस्मृती मोडायला १९९२ साल यावे लागले. रॉय रोझेनझ्वाइग आणि एलिझाबेथ ब्लॅकमार या इतिहासकारांनी उद्यानाचा इतिहास लिहिताना तिथून उठवलेल्या माणसांचाही शोध घेतला आणि वर सांगितलेली दप्तरे पद्धतशीर धुंडाळली. १९९७ साली न्यूयॉर्कच्या हिस्टॉरिकल सोसायटीने वस्तीवर प्रदर्शन भरवले. पुढे डायाना वॉल, नॅन रॉथ्सचाइल्ड आणि सिंथिया कोपलँड यांनी सेनेका व्हिलेज प्रकल्प उभा केला. मातीचे नमुने घेऊन, रडारने जमिनीखालचा वेध घेऊन, २०११च्या उन्हाळ्यात त्यांनी विद्यार्थ्यांसह उत्खनन केले. दफनभूमीच्या जागांना हात लावायचा नाही, हे आधीच ठरले होते.

कुठे खणायचे ते कागदांनी सांगितले. ऑल एंजल्स चर्चची देखभाल करणारे विल्यम विल्सन, त्यांची पत्नी शार्लट आणि आठ मुले यांचे घर नकाशात होते. त्या जागी पायाच्या दगडी भिंती निघाल्या. आत लोखंडी चहाची किटली, भाजण्याचे भांडे, चिनी मातीच्या बशांचे तुकडे, हाडाच्या दात घासण्याच्या ब्रशची मूठ आणि चामड्याचा एक लहानसा बूट मिळाला. १८५०च्या दशकात दात घासायला ब्रश वापरणे ही मध्यमवर्गीय घरांत नुकती रुजू लागलेली सवय होती. चिनी बशा त्याच राहणीकडे बोट दाखवतात. वर्तमानपत्रांनी ज्यांना गलिच्छ म्हटले, त्यांच्या घरातला हा ऐवज. जनगणनेतला घराच्या किमतीचा आकडा आणि मातीतली ही किटली एकमेकांना दुजोरा देतात, तिथे निष्कर्ष पक्का होतो.

मोजले गेले नाही ते

सेनेका व्हिलेजनंतर शंभर वर्षांनी त्याच बेटावर, उद्यानाच्या नैर्ऋत्येला, सॅन हुआन हिल ही कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन लोकांची वस्ती पाडली गेली. १९४९च्या गृहनिर्माण कायद्याखाली तिला झोपडपट्टी ठरवले गेले, सुमारे ७,००० कुटुंबे हलवली गेली आणि त्या जागी लिंकन सेंटर हे कलासंकुल झाले. अमेरिकेतल्याच सेंट पॉल शहरातली रॉन्डो आणि डरहॅम शहरातली हेटाय या कृष्णवर्णीयांच्या वस्त्या महामार्गांनी चिरल्या. काळ वेगळा, कायदा वेगळा, पण क्रम तोच: आधी वस्तीला नाव ठेवायचे, मग तिची किंमत ठरवायची, मग सार्वजनिक हिताच्या नावाने ती घ्यायची.

उद्यान सार्वजनिक हिताचे आहे, यात शंका नाही. कोट्यवधी लोकांना त्याने मोकळी हवा दिली. पण त्या हिताची किंमत कोणी मोजली आणि कशात मोजली, हा प्रश्न त्यामुळे लहान होत नाही. आयुक्तांनी जमीन आणि लाकूड मोजले. विल्यम्स यांना जागेचे पैसे मिळाले. त्या जागेने दिलेल्या मताचे मिळाले नाहीत. चर्चला इमारतीचे पैसे मिळाले. शाळा, मंडळी आणि शेजार यांचे मिळाले नाहीत. भाडेकरूंना काहीच मिळाले नाही. या गोष्टींची किंमत काढणे अवघड होते हे खरे, पण अवघड म्हणून शून्य धरणे हाही एक निर्णयच होता आणि तो नेहमी त्याच लोकांच्या वाट्याला येतो, ज्यांच्याकडे या गोष्टींखेरीज दुसरे काही नसते.

सेनेका व्हिलेज पुराव्याअभावी विसरले गेले नाही. पुरावा शहराच्याच दप्तरात दीडशे वर्षे जपून ठेवलेला होता. तो एकत्र वाचायची गरज कोणाला वाटली नाही. म्हणून आजही कुठे सार्वजनिक कामासाठी वस्ती उठवायची असेल, तर पंचनाम्यात मालकांबरोबर भाडेकरूंचे, शाळेचे, देवळा-मशिदी-चर्चचे, दफनभूमीचे आणि मतदारांचे रकाने असलेच पाहिजेत. रहिवाशांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत त्याच फायलीत गेले पाहिजे. इतिहासकार नंतर येऊन तुकडे जोडू शकतो. भाडेकरू कोण होते, कुठे गेले, हे मात्र माणसे जागेवर असतानाच विचारावे लागते.